गच्ची सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर काय काय आहे, त्याची यादी आधी देतो. पाण्याच्या सहा टाक्या. सोलर हीटरच्या चार रांगा, त्यातली एक कायम गळकी. डीटीएचच्या एकतीस छत्र्या, त्यातल्या निम्म्या मेलेल्या, कारण ती घरं आता सगळं मोबाइलवरच बघतात. कुणाच्या तरी लग्नातल्या मांडवाचे बांबू. बी विंगच्या जिन्यावर एका मोबाइल कंपनीचा टॉवर, ज्याचं भाडं दर महिन्याला सोसायटीच्या खात्यात जमा होतं. आणि गेल्या मार्चमधले तेवीस दिवस, दोन मिलिमीटर जाडीची, दहा मीटर लांब तांब्याची तार.

ही शेवटची वस्तू माझी. कमिटीने ती काढायला लावली. यादीतलं बाकी सगळं जागच्या जागी आहे.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, पोटासाठी बँकांच्या सॉफ्टवेअरमधले बग काढतो. पदवीच्या चार वर्षांत 'अँटेना' हा विषय एक सेमिस्टर होता. मॅक्सवेलची समीकरणं पाठ केली, मार्क मिळाले, तार एकदाही हातात धरली नाही. ती पुढे धरली, हॅम रेडिओमुळे. हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर, पैसे न कमावता, स्वतःच्या यंत्राने जगाशी बोलायचा छंद. दूरसंचार विभागाची परीक्षा असते. त्यात रेडिओचं शास्त्र विचारतात आणि नियमही. मग अर्ज, पडताळणी, आणि बऱ्याच महिन्यांनी हातात परवाना. माझा प्राथमिक श्रेणीचा आहे, 'व्हीयू३'ने सुरू होणारा. त्याला मोर्स कोड लागत नाही.

पण परवाना मिळतो तो बोलण्याचा. तार बांधायला गच्ची मिळते असं कुठेच लिहिलेलं नाही, आणि तारेशिवाय बाकीचं सगळं फुकट.

तारेची लांबी मनाला येईल तशी ठरत नाही. १४ मेगाहर्ट्झची लहर साधारण एकवीस मीटर लांब. तिच्या निम्मी, म्हणजे दहा मीटरच्या आसपास तार घ्यायची, मधोमध कापायची, तिथे केबल जोडायची. झोपाळ्याला बरोबर लयीत धक्का दिला की थोड्या जोरातही तो उंच जातो, तसं आहे हे. लांबी जुळली की थोडकी वीजही तारेतून निघून जाते आणि आयनोस्फिअरवर आपटून हजारो किलोमीटरांवर उतरते. मी दहा वॅट वापरत होतो, म्हणजे जिन्यातल्या एलईडी बल्बाइतके. त्यावर संध्याकाळी युरोप मिळायचा आणि एका पहाटे जपान मिळाला. त्या पहाटे मी घरात एकटाच नाचलो, हे इथे कबूल करतो.

मग वार्षिक सभा झाली. विषयपत्रिकेवर पार्किंग, लिफ्ट, वॉटरप्रूफिंग, आणि 'इतर विषय'मध्ये मी.

पहिला आक्षेप रेडिएशनचा. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "आमच्या डोक्यावर हे नको." त्यांच्या डोक्यावर, अक्षरशः डोक्यावर, मोबाइल टॉवर आहे. तो चोवीस तास चालू असतो, आणि अशा टॉवरच्या एकेका अँटेनाला वीस-चाळीस वॅट सहज दिलेले असतात. माझे दहा वॅट, तेही दिवसाला तासभर, पंधरा सेकंद बोललो की पंधरा सेकंद गप्प अशा पाळीने. टॉवर घातक आहे असं माझं म्हणणं नाही. २०१२ पासून आपल्याकडे टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश आहे. तेवढी पाळली की झोप उडवून घेण्याचं कारण नाही. माझं म्हणणं इतकंच, की ज्या भीतीचं भाडं येतं ती भीती सभेत कुणाला आठवत नाही.

दुसरा आक्षेप विजेचा. हा खरा आहे, आणि त्यावर हसणारे हॅम मला आवडत नाहीत. उंचावर धातू लावला की त्याचं अर्थिंग नीट हवं, केबलवर लाइटनिंग अरेस्टर हवा, आणि वळवाचे ढग दिसले की केबल काढून घराबाहेर ठेवायची सवय हवी. अँटेना कधीही कोसळली तरी विजेच्या तारांपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर हवं. लोखंडी मनोरा उभारायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला हवा, आणि तो मागण्याचा सोसायटीला पूर्ण हक्क आहे. मी हे सगळं दोन पानांत लिहून दिलं होतं. माझी तार नायलॉनच्या दोरीने कठड्याच्या पाइपांना बांधलेली होती. स्लॅबला एकही भोक नव्हतं. ती पानं कुणी वाचली नाहीत. आक्षेप खरा होता, पण उत्तर कुणालाच नको होतं.

तिसरा आक्षेप हळू आवाजात आला. "उद्या पोलीस आले तर? हा नक्की कुणाशी बोलतो?" हाच प्रश्न आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला होता. यातली गंमत सांगतो. हॅमला सांकेतिक भाषेत बोलायला मनाई आहे. प्रत्येक संभाषणात स्वतःची सरकारने दिलेली खूण सांगावी लागते, आणि जगातला कुणीही रेडिओवाला ते ऐकू शकतो. व्हॉट्सॲपवरचा संदेश मात्र पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाही वाचता येत नाही. म्हणजे माझ्यावर संशय घेणारा संदेश गुप्त होता, आणि ज्याच्यावर संशय होता ते बोलणं जगजाहीर!

चौथा आक्षेप निर्णायक ठरला: "उद्या सगळेच लावतील." एकतीस छत्र्यांखाली उभं राहून हे वाक्य म्हणता येतं, कारण छत्री लावणारा काही करत नाही. तो ग्राहक असतो, कंपनीचा माणूस येऊन भोकं पाडून जातो, आणि ग्राहकाची आपल्याला सवय आहे. स्वतः काहीतरी बांधणारा शेजारी मात्र आपल्याला समजत नाही. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. आपल्या गच्च्यांवर, ज्याला मोल नाही असं काहीही ठेवायला परवानगी नाही.

मी जी पंधरा सेकंदांची पाळी म्हणालो, त्या पद्धतीचं नाव एफटी८. ती २०१७ साली दोन अमेरिकी हॅमनी तयार केली. त्यातले एक जोसेफ टेलर, भौतिकशास्त्राचं १९९३ चं नोबेल मिळालेले. त्यांनी आणि रसेल हल्स यांनी १९७४ मध्ये एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची एक जोडी शोधली, त्यातला एक पल्सार. तिच्या कक्षेच्या मोजमापातून गुरुत्वीय लहरींचा पहिला, अप्रत्यक्ष पुरावा मिळाला. नोबेलच्या निमित्ताने लिहिलेल्या आत्मवृत्तात टेलर लहानपणची एक आठवण सांगतात. भावासोबत घराच्या छपरावर भल्यामोठ्या अँटेना चढवताना त्यांनी घराचं विटांचं धुराडं पार छपरापाशी तोडून टाकलं होतं. आईवडील हबकले. पण छंद बंद झाला नाही.

आता त्याच लहरी थेट पकडण्यासाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया उभं राहायचं आहे. २०२३ मध्ये केंद्राने त्याला २६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला. २००५ मध्ये इस्रोने 'हॅमसॅट' हा खास हॅमसाठीचा उपग्रह सोडला, त्याचाही वाटला. २०१६ मध्ये पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला एक किलोचा 'स्वयम्' अवकाशात गेला. त्याचं काम हॅमचे निरोप इकडून तिकडे पोचवणं. ती बातमी आमच्या सोसायटीत नक्कीच फॉरवर्ड झाली असणार. विज्ञान हिंगोलीत चालतं, श्रीहरिकोट्यात चालतं. आपल्या गच्चीवर आलं की ते 'इतर विषय' होतं.

अशा वेळी हॅम लोक एक हुकमी पान टाकतात: आपत्ती. भूजच्या भूकंपात आम्ही होतो, केरळच्या पुरात होतो. हे खरं आहे, आणि सभेत मीही ते पान टाकलं. नंतर लाज वाटली. मी काही भूकंपाची वाट बघत तार बांधली नव्हती. मला जपान ऐकायचा होता.

शिवाय आपत्तीचं सगळ्यात मोठं उदाहरण नेमकं उलटं सांगतं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद ही हॅम आणि तिचे सहकारी अंदमानात होते ते निव्वळ छंदासाठी. तिथून कित्येक वर्षं हॅमचा आवाज निघाला नव्हता, आणि जगभरच्या हॅमना अंदमानाशी बोलायची हौस होती. पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात यंत्रं मांडून ते चालू होतं. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन गेले, आणि त्याच हौशी अँटेनांवरून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. ते लोक उपयोगी पडले, कारण आदल्या दिवसापर्यंत ते 'निरुपयोगी' काम करत होते. आपत्तीत कामाला येणारा माणूस हा आपत्ती नसताना रोज तारेशी खेळणारा माणूस असतो. खेळ बंद करून मदत मागता येत नाही.

हौशी नाटकांच्या स्पर्धा गावोगाव भरवणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको होतं. तिथे 'हौशी' हा शब्द आपण मानाने लावतो.

हा रोग फक्त आपला नाही. अमेरिकेत १९८५ पासून नियम आहे, की नगरपालिकांनी हॅमच्या अँटेनांना वाजवी जागा करून द्यायची. पण तो नियम खाजगी वसाहतींच्या करारांना लागू नाही. म्हणून तिथले हॅम अँटेना माळ्यावर लपवतात, झेंड्याच्या खांबात घालतात. कायदा सरकारला वाकवतो, शेजाऱ्याला वाकवत नाही. म्हणूनच मी सरकारशी नाही, शेजाऱ्यांशी भांडतोय.

मागणी साधी आहे. सरसकट 'नाही' ऐवजी अटींसह 'हो'. परवान्याची प्रत घ्या. वजन, उंची, अर्थिंग लिहून घ्या. नुकसान झालं तर भरपाईची हमी घ्या. कुणाच्या स्पीकरमध्ये खरखर आली तर दुरुस्त होईपर्यंत प्रसारण बंद, ही अट मी स्वतः घालून देतो. अशी खरखर येऊ शकते, आणि बहुतेक वेळा फिल्टर किंवा फेराइटचं कडं लावून ती जातेही. आणि हॅम मित्रांनो, आपणही सुधारू या. न विचारता रात्री तार चढवायची, आणि कुणी विचारलं की डेसिबलमध्ये बोलायचं, यामुळेही दारं बंद झाली आहेत.

त्या तेवीस दिवसांत सी विंगमधला आठवीतला एक मुलगा गच्चीवर यायचा. आम्ही पीव्हीसी पाइप आणि मोजायची स्टीलची टेप कापून हातात धरायची अँटेना केली, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या रिपीटरमधून येणारे हॅमचे आवाज ऐकले. स्थानक डोक्यावरून जाताना फ्रिक्वेन्सी सारखी खाली घसरते. त्याने विचारलं, "दादा, बटण सारखं का फिरवायला लागतंय?" मी म्हटलं, डॉप्लर. तो म्हणाला, "म्हणजे ते पळतंय, ते आपल्याला हातात कळतंय?" माझ्या चार वर्षांच्या पदवीत मला इतका चांगला प्रश्न पडला नव्हता.

आता आम्ही पार्किंगमध्ये उभे राहतो. दोन इमारतींच्या मधून आकाशाची एक पट्टी दिसते. स्थानक वर दहा मिनिटं असतं, आम्हाला जेमतेम दोन मिळतात. सभेनंतर गच्चीला कुलूप लागलंय. एक किल्ली चेअरमनकडे असते, दुसरी टॉवरवाल्या कंपनीच्या माणसाकडे.

तिसरी करून घ्यायला चाळीस रुपये लागतात. मी द्यायला तयार आहे.