घरप्रपंच : मीटर चोरीस गेलें तर

गेल्या वैशाखांत एके दिवशीं पहांटे आमच्या आक्काचा निरोप आला कीं, "घरांत वीज नाहीं, आणि देवडींत कसल्याशा तारा लोंबत आहेत, लौकर ये." आक्का आमच्याहून नऊ वर्षांनीं वडील. धाराशिवच्या जुन्या गांवठाणांत वाड्याच्या दोन खणांत ती एकटीच राहते. यजमान कैलासवासी झाले आणि मुलगा इंग्लंडांत नोकरीस आहे. आम्ही वहाणा घातल्या आणि तसेच निघालों. जाऊन पाहतों तों देवडीच्या भिंतीवरील फळी मोकळी! रात्रीं कोणीं तरी मीटर उचकटून नेलें होतें आणि खांबावरून आलेल्या तारेचीं उघडीं टोकें वीतभर बाहेर आलीं होतीं.

चोरास त्या डबड्याचा काय लाभ झाला असेल तो असो. आमच्यापुढें प्रश्न निराळाच होता. आक्का मधुमेही, तिचें इन्सुलिन शीतकपाटांत, आणि आमच्या जिल्ह्यांत वैशाखांतला पारा चाळीस अंशांच्या वर चढतो हें वाचकांस सांगावयास नको. शेजारचा एक हुषार मुलगा पक्कड घेऊन पुढें सरसावला. "गुरुजी, दोन तारा एकमेकींस जोडून देतों. संध्याकाळपर्यंत कपाट तरी चालूं राहील." आक्काही म्हणाली, "दे रे बाबा जोडून. आपण काय चोर आहों?"

खरें सांगावयाचें तर क्षणभर आमचेंही मन डळमळलें. परंतु आम्हीं त्या मुलाचा हात धरला. दोनशेंतीस व्होल्टांचा प्रवाह वाहणारीं उघडीं टोकें हें एक कारण झालें. दुसरें कारण कायद्याचें. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या १३५ व्या कलमाप्रमाणें मीटर टाळून वीज घेणें ही चोरी, आणि तिला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. इतक्यावरच तें थांबत नाहीं. वीज चोरून घेण्याचें कृत्रिम साधन सांपडलें, कीं तें ग्राहकानेंच अप्रामाणिकपणें योजलें असें गृहीत धरलें जातें, आणि तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार त्या ग्राहकावर पडतो. म्हणजे मीटर नेलें चोरानें, आणि जोडलेली तार दिसतांच चोर ठरावयाची आमची आक्का! आमच्या शास्त्रांत घट्टकुटीप्रभातन्याय म्हणून एक न्याय आहे. जकात चुकविण्यासाठीं गाडीवान रात्रभर आडवाटेनें गाडी हांकतो, आणि उजाडतां पाहतो तों जकातनाक्याच्याच दारांत उभा! त्या तारा जोडल्या असत्या तर आमची गत तीच झाली असती.

तेव्हां प्रथम औषधाची सोय लावली. न उघडलेल्या कुप्या शेजारच्या घरीं शीतकपाटांत ठेवावयास दिल्या. मात्र बर्फाच्या कप्प्यांत ठेवूं नका असें बजावून, कारण गोठलेलें इन्सुलिन निरुपयोगी होतें. चालूं कुपी एका लहान मडक्यांत घातली, तें मडकें ओल्या वाळूच्या परातींत बसविलें आणि वर ओलें फडकें टाकलें. आजींच्या काळीं लोणी असेंच राखीत.

मग १९१२ या क्रमांकावर दूरध्वनि केला. तक्रारीचा जो क्रमांक मिळाला तो पंचांगाच्या कोऱ्या पानावर, वेळेसह, लिहून ठेवला. ही संवय आमच्या शाळेंतल्या हजेरीपटापासूनची. पण ती येथें फार उपयोगीं पडली, कारण पुढें प्रत्येकानें प्रथम तोच क्रमांक विचारला. एका तासाच्या आंत दोघे तारवाले येऊन खांबावरून प्रवाह तोडून गेले. मोकळ्या फळीचें व तारांच्या टोकांचें छायाचित्र आम्हीं त्यापूर्वींच घेतलें होतें. जागा आहे तशी दुसऱ्याच्या दृष्टीस पडण्यापूर्वीं तेथें कांहीं हलवूं नये.

नंतर पोलीस ठाणें. येथें एक बारीक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पांच हजार रुपयांहून कमी किंमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र धरली आहे. आणि घरगुती मीटराची किंमत ती काय असणार! पण विद्युत अधिनियमाच्या १३६ व्या कलमांत तारांबरोबर 'मीटर' हा शब्द स्पष्टपणें घातलेला आहे, आणि २००७ च्या दुरुस्तीनंतर हा गुन्हा दखलपात्र आहे. हवालदार मनुष्य समंजस होता. त्यानें पुस्तक काढून कलम पाहिलें आणि फिर्याद लिहून घेतली. लिहितां लिहितां त्यानें विचारलें, "मीटर कोणाच्या नांवावर?"

आक्का गप्प. वीजबिलावर अद्याप तिच्या यजमानांचें नांव होतें. त्यांस जाऊन अकरा वर्षें झालीं, सातबारा बदलला, बँकेचें खातें बदललें; एवढें राहून गेलें. सुदैवानें जुनीं बिलें तिनें तारखेवार दोऱ्यांत ओवून ठेवलीं होतीं. त्यांवर बारा आंकडी ग्राहक क्रमांक होता, मीटराचा क्रमांक होता, आणि मागील महिन्याचें वाचनही होतें. ज्या घरीं तें बिल नुसतें भ्रमणध्वनीवर येतें आणि पैसे भरले कीं पुसलें जातें, त्या घरच्यांनीं एखादें तरी कागदावर उतरवून ठेवावें.

सायंकाळीं भाच्याचा दूरध्वनि आला. त्याच्याकडेही ही व्यवस्था फारशी निराळी नाहीं. तेथें वीज गेल्यास १०५ हा एकच क्रमांक फिरवावयाचा; मीटरासंबंधीं मात्र बिल पाठविणाऱ्या कंपनीकडे जावयाचें. चोरून वीज घेणें हा तेथेंही गुन्हाच. १९६८ च्या त्यांच्या चोरीविषयक कायद्यांत त्यासाठीं स्वतंत्र कलम असून शिक्षा पांच वर्षांपर्यंत आहे. हें सगळें सांगून झाल्यावर तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "मामा, आई रात्रीं अंधारांत एकटी कशी राहील?" आम्हीं सांगितलें कीं, आज आम्ही तिच्याच ओसरीवर निजणार आहों. तशा तीन रात्री निजलों. डांसांचें वर्णन येथें करीत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं फिर्यादीची नक्कल, जुनें बिल आणि अर्ज पाहून नवें मीटर बसलें. चोरीस गेलेल्या मीटराचा खर्च कोणी सोसावा, यावर घरोघरीं वाद होतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २००६ चे मीटरविषयक नियम असे आहेत कीं, मीटर ग्राहकाच्या आवारांत असेल तर तें सुरक्षित राखण्याची जबाबदारी ग्राहकाची. आमची देवडी पडली आवारांत. सबब आक्कानें किंमत भरली व पावती घेतली. मीटर बसवितांना आम्ही चष्मा लावून जवळ उभे होतों. आरंभीचें वाचन आणि मोहोरेचा क्रमांक उतरून घेतला. ती मोहोर कंपनीच्या माणसाखेरीज कोणीं तोडूं नये, सुतारानें नाहीं कीं रंगाऱ्यानें नाहीं. आजकालच्या मीटरावर एक तांबडा दिवा लुकलुकतो. पुष्कळ मीटरांवर '३२००' असा आंकडा छापलेला असतो, म्हणजे तितक्या लुकलुकण्यांस एक युनिट. घरचा मुख्य खटका बंद केल्यावरही तो दिवा मिचकत राहिला, तर कोठें तरी पाणी मुरतें आहे असें समजावें. पूर्वीच्या मीटरांतील फिरती चकती पाहून मुलेंसुद्धां हें ओळखीत.

चोरीखेरीज दुसरा शत्रु पाणी. २०२५ च्या सप्टेंबरांत आमच्या जिल्ह्यांत अतिवृष्टि झाली, आणि परंडा व भूम या तालुक्यांत पुरानें जो हाहाःकार उडविला तो सर्वांस ठाऊक आहे. घराघरांत पाणी शिरलें, तेथें भिंतीवरच्या मीटराची काय कथा! असें बुडालेलें मीटर वरून वाळलेलें दिसलें तरी आंत ओल राहते. ओल्या जमिनीवर उभें राहून खटका दाबूं नये. तारवाल्यानें तपासून सांगेपर्यंत कंदील बरा. बंद पडलेल्या मीटराचें बिल मागील बारा महिन्यांच्या सरासरीवर येतें, आणि तें तीन महिन्यांहून अधिक काळाचें आकारतां येत नाहीं. अधिक आल्यास लेखी तक्रार करावी. तेवढ्यानें न भागल्यास त्याच अधिनियमाच्या ४२ व्या कलमानें ग्राहकांसाठीं गाऱ्हाणें निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल नेमलेले आहेत. तेथें वकील लावावाच लागतो असें नाहीं. सुवाच्य अर्ज आणि तारखेवार कागद असले म्हणजे पुरे.

आतां आक्काच्या देवडींत लोहाराकडून केलेली जाळीची पेटी आहे. वाचन घेणारास आंकडे दिसावेत म्हणून पुढें कांच बसविली, आणि एक किल्ली शेजारीं ठेविली.

राहतां राहिलें नांव बदलणें. त्याचा अर्ज आम्हीं स्वतः भरला, मृत्यूचा दाखला जोडला, आणि सही करण्यास आक्कापुढें ठेविला. ती बराच वेळ तो कागद पाहत बसली. मग म्हणाली, "अरे, दर महिन्यास त्यांच्या नांवानें दारांत येणारा एवढा एकच कागद उरला आहे." आम्हीं आग्रह केला नाहीं. अर्ज तिच्या पोथीच्या रुमालांत बांधलेला आहे. चातुर्मास संपल्यावर पाहूं, असें ती म्हणते.