'जागा नाही' म्हणजे नेमकी कुठे नाही?

मोबाईलवर येणाऱ्या संदेशांपैकी सर्वांत कमी तपासला जाणारा आणि सर्वांत जास्त पाळला जाणारा संदेश कोणता? माझं उत्तर तयार आहे: 'स्टोरेज फुल'. ओटीपी मागणाऱ्या माणसावर संशय घ्यायला आपण आता शिकलोय. 'आज रात्री तुमची वीज कापली जाईल' या मेसेजला आपण भीक घालत नाही. पण खुद्द फोन म्हणाला की जागा संपली, की आपण निमूटपणे गॅलरी उघडतो आणि फोटो उडवायला लागतो. लग्नातले, ट्रेकमधले, कुत्र्याच्या पिल्लाचे. जणू गुन्हा आपणच केलाय.

माझं म्हणणं असं की हा संदेश पुष्कळदा खोटा असतो. नेमकं काय संपलंय हे फोनला कळू शकत असतं, तरी तो ते सांगत नाही. आणि त्याची किंमत आपण मोजतो, कधी आठवणी पुसून, कधी पैसे भरून.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिसात दिवसभर लिनक्सचे सर्व्हर सांभाळतो. खिशातला एक फोनही लिनक्सचाच आहे. तसा अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच, पण माझा हा फोन त्याहून उघडावाघडा. त्यात टर्मिनल उघडून आत काय चाललंय ते बघता येतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दुखणं एका कंपनीचं नाहीच. एके दिवशी या फोनने फोटो काढायला नकार दिला. जागा शिल्लक नाही म्हणे. 16 जीबीचा फोन, आणि टर्मिनलमध्ये 'डीएफ' ही आज्ञा दिली तर 8 जीबी मोकळी दिसत होती. निम्मं घर रिकामं, आणि दारावर 'जागा नाही'ची पाटी!

मग त्याच आज्ञेला 'आय'ची जोड देऊन पाहिलं आणि उलगडा झाला. लिनक्सच्या नेहमीच्या फाईल व्यवस्थेत, म्हणजे 'ईएक्सटी4'मध्ये, प्रत्येक फाईलमागे एक नोंद लागते. तिला 'आयनोड' म्हणतात. या नोंदी किती असतील ते डिस्क तयार करतानाच ठरतं. साधारणपणे दर 16 केबी जागेमागे एक. धान्याचं कोठार मोठं आहे, पण नोंदवहीची पानं मोजून शिवलेली आहेत असं समजा. पोती मोठी असली तर आधी कोठार भरतं. पण कुणी मूठमूठ धान्याच्या लाखो पुरचुंड्या आणून ठेवल्या, तर कोठार अर्धं रिकामं असतानाच वही संपते. माझ्या फोनमध्ये नकाशाच्या ॲपने सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी नकाशाचे लाखो चिमुकले तुकडे साठवले होते, प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्वतंत्र फाईल. वही संपली होती. तिथे मी मोठमोठे व्हिडिओ पुसत बसलो असतो, तर 2 जीबीचा एक व्हिडिओ उडवून नोंद सुटली असती फक्त एक.

आता खरी मेख बघा. लिनक्समध्ये एखादं काम फसलं की कर्नल एक आकडा परत देतो. जागा नसल्याचा आकडा आहे 28. त्याचा अर्थ 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही' असा लिहिलेला असतो. डिस्क खरोखर भरली तरी 28. आयनोड संपले तरी 28. आणि कहर म्हणजे, एखाद्या प्रोग्रामला फाईलींमधले बदल टिपण्यासाठी पाळत ठेवायची असते, त्या पाळतीच्या संख्येला एक मर्यादा असते, आणि ती ओलांडली तरीही 28! इथे डिस्कचा काडीचाही संबंध नाही. जावास्क्रिप्टवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. कोरी करकरीत डिस्क असताना 'जागा नाही' वाचून डोकं धरून बसलेला एखादा तरी मित्र त्याच्या ओळखीत निघेल.

फोनच्या जगात हा घोळ जुना आहे. 2009 साली नोकियाचा एन900 आला. माएमो नावाच्या लिनक्सवर चालणारा, त्या काळात चक्क 32 जीबी पोटात घेऊन आलेला फोन. पण मूळ प्रणाली राहायची 256 एमबीच्या वेगळ्या चिपवर. ॲप्सच्या फाईली तिथे जाऊन बसल्या की ती चिप भरायची, आणि बाजूला गिगाबाइट्सच्या गिगाबाइट्स मोकळ्या असताना नवीन ॲप बसवायला जागा नसायची. शेवटी ॲप्स लिहिणाऱ्यांना सांगावं लागलं की तुमचा पसारा मोठ्या डिस्कवर न्या. या उद्योगाला 'ऑप्टिफाय' असं नावही पडलं.

मग 2013 साली फिनलंडमधल्या योला कंपनीचा पहिला फोन आला. नोकियातून बाहेर पडलेल्या मंडळींनी काढलेली ही कंपनी. 2014मध्ये हा फोन भारतातही विकायला आला होता. त्यात 'बीटीआरएफएस' ही फाईल व्यवस्था होती. ती आपली जागा मोठ्या तुकड्यांमध्ये वाटते: काही तुकडे माहितीसाठी, काही त्या माहितीच्या नोंदींसाठी. आपल्या सोसायटीच्या पार्किंगसारखं आहे हे. सगळे चौकोन फ्लॅट नंबर घालून वाटून टाकलेले, त्यातले निम्मे रिकामे, पण पाहुण्याच्या गाडीला जागा नाही. तसंच इथे सगळे तुकडे माहितीच्या नावावर लागले, आणि नोंदींना नवा तुकडा हवा झाला, की फोन म्हणणार जागा संपली. उपाय म्हणजे 'बॅलन्स' करणं, अर्धवट भरलेले तुकडे एकत्र करून उरलेले सोडवणं. गंमत अशी की या बॅलन्सलाही थोडी मोकळी जागा लागते.

आणखी एक तऱ्हा. तुम्ही फाईल पुसता, तिचं नाव जातं, पण एखादा प्रोग्राम ती उघडून बसला असेल तर जागा सुटत नाही. दारावरची पाटी काढली, भाडेकरू मात्र खोलीतच. म्हणून कधीकधी फोन बंद करून पुन्हा चालू केला की जागा 'आपोआप' मोकळी होते. 'रिस्टार्ट मारून बघ' हा सल्ला देणारा चुलतभाऊ वाटतो तितका बिनडोक नसतो.

यावर माझ्याच धंद्यातले लोक एक ठरलेलं उत्तर देतात: 'अरे, सामान्य माणसाला आयनोड कसं कळणार? त्याला सोपं सांगायला हवं.' हे उत्तर ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सामान्य माणूस म्हणजे कोण? ज्याला रेल्वेच्या तिकिटावरचं आरएसी आणि वेटिंग यातला फरक कळतो तोच ना? वेटिंगमध्येही जीएनडब्ल्यूएल आणि पीक्यूडब्ल्यूएल असे प्रकार असतात, आणि यातलं कुठलं कन्फर्म व्हायची आशा जास्त, हे गावाकडचे आजोबा न अडखळता सांगतात. सातबाऱ्यावरचा पोटखराबा ज्याला समजतो, त्याला 'जागा आहे, पण फाईलींची संख्या संपली' हे वाक्य समजणार नाही? रेल्वेने उद्या सगळ्यांना नुसतं 'गाडी फुल' एवढंच सांगायचं ठरवलं, तर त्याला आपण सोपेपणा म्हणू का? आपण त्याला लपवाछपवी म्हणू.

आणि हे सांगणं अवघडही नाही. 'स्टॅटव्हीएफएस' नावाचं एक साधं फंक्शन आहे. ते एकाच हाकेत मोकळी जागाही सांगतं आणि 'ईएक्सटी4'सारख्या व्यवस्थेत मोकळे आयनोडही सांगतं. म्हणजे 28 हा आकडा हातात पडल्यावर ॲपला दुसरा प्रश्न विचारायला काही ओळींचा कोड पुरतो. तो लिहिला जात नाही, कारण त्याची मागणी कुणी करत नाही. लोक फोटो पुसतात, काम भागतं, आणि ज्या दिवशी भागत नाही त्या दिवशी लोक नवा फोन घेतात. नवा फोन विकणाऱ्याला यात दुःख कसलं?

आता तर 'स्टोरेज' या शब्दाचाच घोळ करून ठेवलाय. फोनमधली जागा हे एक स्टोरेज, ईमेलच्या खात्याला कंपनीच्या सर्व्हरवर दिलेली जागा हे दुसरं. दोन्हींची सूचना त्याच पडद्यावर येते, जवळपास त्याच शब्दांत. इस्लामपूरच्या माझ्या मावशीला अशी सूचना आली. तिने ओळखीच्या मुलाला विचारलं, तो म्हणाला, व्हॉट्सॲपमधलं जुनं काढून टाका. मावशीने काढलं. त्यात वर्षभरापूर्वी गेलेल्या काकांचे आवाजी निरोप होते. 'येताना कोथिंबीर आण', 'मोटार चालू झाली, लाईट आली', असले. दिवाळीला मी फोन हातात घेतला तेव्हा 128 जीबीपैकी निम्म्याहून जास्त जागा मोकळी होती. सूचना ईमेलच्या खात्याची होती. खाली निळं बटण होतंच: दरमहा पैसे भरा आणि जागा वाढवा. मावशी मला म्हणाली, 'माझंच चुकलं रे, मला कळत नाही त्यातलं.' मी इथे ठामपणे लिहितो: तिचं काहीही चुकलं नव्हतं. अर्धवट वाक्य लिहिणाऱ्याचं चुकलं होतं. ते वाक्य कुणीतरी पगार घेऊन लिहिलं, कुणीतरी तपासलं, कुणीतरी मंजूर केलं. 'कुठलं स्टोरेज' हा एक शब्द त्यात घालावा असं त्या साखळीत कुणालाही वाटलं नाही.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्या माझ्या भाऊबंदांनाही यातून सूट नाही. आपण अभिमानाने सांगतो की लिनक्समध्ये सगळं उघडं आहे, टर्मिनल उघडा आणि बघा. खरं आहे, माझा फोन मला त्यामुळेच दुरुस्त करता आला. पण टर्मिनलमध्ये सत्य आणि पडद्यावर थाप, ही कसली मोकळीक? दवाखान्यात केसपेपर कपाटात ठेवून पेशंटला 'कपाट उघडंच आहे की' असं सांगण्यासारखं झालं हे. ज्याला कपाट कुठलं ते माहीत नाही, त्याच्यासाठी ते बंदच.

म्हणून मागणी साधी आहे. जागा संपल्याचं सांगणाऱ्या प्रत्येक संदेशात तीन गोष्टी असायला हव्यात: कुठली जागा संपली, किती शिल्लक आहे, आणि ती कुणी खाल्ली. उदाहरणार्थ: 'फोनमध्ये 8 जीबी मोकळी आहे, पण फाईलींची संख्या संपली. सर्वांत जास्त फाईली नकाशाच्या ॲपच्या आहेत.' किंवा: 'तुमच्या ईमेल खात्याची जागा संपली. फोनमधलं काहीही पुसायची गरज नाही.' या दोन्हींमध्ये इंजिनिअरची डिग्री लागेल असा एकही शब्द नाही.

तोपर्यंत तुम्ही काय कराल? संदेश आला की आधी काहीही पुसू नका. सूचना कुणी पाठवली ते बघा, फोनने की एखाद्या ॲपने. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून मोकळा आकडा स्वतः वाचा. एकदा फोन बंद करून चालू करा. गॅलरीतून पुसलेले फोटो बऱ्याच फोनमध्ये काही आठवडे कचरापेटीत राहतात आणि जागा अडवतात, तेव्हा तिथेही डोकावा. कुठल्या ॲपचा डेटा फुगलाय ते तपासा. लिनक्सचा फोन असेल तर 'डीएफ' दोनदा चालवा, एकदा जागेसाठी, एकदा आयनोडसाठी. आणि घरातल्या मोठ्यांना एवढंच सांगून ठेवा, की फोन 'जागा नाही' म्हणाला तर त्याला उलट विचारायचं, कुठे नाही? जो याचं उत्तर देत नाही, त्याच्या सांगण्यावरून कुणाचाही आवाज पुसायचा नसतो.