विश्लेषण : शंखात राहणारे मासे पाळताना रंग पाहायचा की स्वभाव?

रिकाम्या शंखात राहणारे, तिथेच अंडी घालणारे आणि पिले वाढवणारे इवलेसे सिक्लिड मासे हौशी मत्स्यपालकांना भुरळ घालतात. मात्र ‘शेल ड्वेलर’ या एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या जातींचे स्वभाव अगदी वेगवेगळे आहेत. रंग पाहून केलेली निवड माशांच्या जिवावर बेतू शकते.

हे मासे शंखात का राहतात?

त्यांचे मूळ घर आफ्रिकेतील टांगानिका सरोवर. टांझानिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांच्या सीमांवर पसरलेले हे सरोवर सुमारे १,४७० मीटर खोल आहे. त्याच्या वालुकामय तळावर काही ठिकाणी ‘निओथॉमा’ गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचे थर साचले आहेत. आसपास खडक नसतील, तर शिकारी माशांपासून लपायला हा शंखच घर ठरतो.

कोणत्या जातीचा स्वभाव कसा?

‘मल्टिफॅसिएटस’चा नर जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा, मादी त्याहून लहान. हे मासे वसाहत करून राहतात. थोरली पिले धाकट्यांसोबतच वाढतात. ‘सिमिलिस’ जवळपास तसाच, फक्त त्याचे पट्टे डोक्यापर्यंत जातात. ‘ऑसेलेटस’ देखणा, पण भांडकुदळ. प्रत्येकाला स्वतंत्र शंख लागतो आणि टाकीत घातलेल्या हातावरही तो धावून जातो. ‘ब्रेव्हिस’ तुलनेने शांत. जोडी अनेकदा एकाच शंखात राहते. ‘कॅलिप्टेरस’चा नर मात्र मादीच्या सुमारे बारापट वजनाचा असतो. तो तोंडाने शंख उचलून गोळा करतो, त्यांत राहतात माद्या. अशा नराला दोन फुटी टाकीत कोंडणे हा अन्यायच.

मग निवड कोणाची?

पहिल्यांदाच पाळणाऱ्यांसाठी ‘मल्टिफॅसिएटस’ सर्वांत योग्य. दोन फूट लांबीच्या टाकीत सहा-आठ माशांनी सुरुवात करता येते. येथे पाण्याच्या उंचीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची. पाच सेंटिमीटर बारीक वाळू आणि माशांच्या दुप्पट तरी शंख हवेत. मासा सहज आत जाऊन बाहेर येऊ शकेल, असेच शंख निवडावेत. लहान टाकीत दोन जाती एकत्र ठेवू नयेत. हरणाऱ्याला पळायला जागाच उरत नाही. काचेच्या गोल भांड्याचा तर विचारही नको.

आपल्याकडचे पाणी चालेल का?

या माशांना कठीण पाणी, ८ ते ९ सामू आणि २४ ते २७ अंश तापमान लागते. दख्खनच्या बेसॉल्टमधील विंधन विहिरींचे पाणी बहुधा कठीण असते. मुंबईच्या नळाला येणारे धरणांचे पाणी सौम्य. त्यामुळे आधी चाचणी करावी. सामू जितका जास्त, तितका अमोनिया अधिक विषारी. म्हणूनच नव्या टाकीतील फिल्टरमध्ये उपयुक्त जिवाणू वाढेपर्यंत काही आठवडे थांबलेच पाहिजे. सामू तपासण्याचा संच माशांच्या आधी घरात यायला हवा.

पिले वाढल्यावर काय?

हा प्रश्न खरेदीआधीच विचारायला हवा. वसाहत जमली की टाकी पिलांनी भरून जाते. जास्तीचे मासे दुसऱ्या पालकाला किंवा दुकानदाराला द्यावेत, नदी-तलावात कदापि सोडू नयेत. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापियाही आफ्रिकेतलाच सिक्लिड. आज उजनीच्या जलाशयात ‘चिलापी’ या नावाने तो ठाण मांडून आहे. टांगानिकातले मासे आपल्या पाण्यात तगतील की नाही, हा प्रयोग करून पाहण्याचे कारण नाही. जास्तीच्या पिलांना घर मिळवून देण्याची तयारी नसेल, तर हे मासे आणूच नयेत.