भोवळ कुणाला जास्त येते?



माहूरच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. तिची ताई नांदेडला नर्सिंग शिकते. सुट्टीत घरी आली ती जाडजूड पुस्तक घेऊनच. त्यात ‘हायपोथिसिस’ नावाचा धडा आहे. ताई तो घोकून घोकून घर डोक्यावर घेतेय, पण “म्हणजे काय गं?” असं विचारलं, की चिडते! मैत्रीण विचारते, ‘नर्सनं ताप मोजायचा, इंजेक्शन द्यायचं. तिला हे संशोधन-बिंशोधन कशाला?’

चला, आधी रेणुकामातेच्या पायऱ्या चढू या.

नवरात्रात माहूरगडावर केवढी गर्दी उसळते, हे माहूरकरांना सांगायला नको. समजा, पायऱ्यांच्या कडेला प्रथमोपचाराचा तंबू लावलाय आणि तिथं एक सिस्टर बसल्यात. भोवळ आलेली माणसं एकामागून एक येतायत. सिस्टर त्यांना आडवं करतात, पाय उंच ठेवतात, नाडी बघतात. डॉक्टर येऊन तपासून जातात, पण सिस्टर मात्र दिवसभर तिथंच. त्यामुळं एक गोष्ट त्यांच्याच लक्षात येते. ज्याला विचारावं तो म्हणतो, “उपास आहे हो!” झालं, संशोधनाचं बी पडलं. उपासाचा आणि भोवळीचा काही संबंध असेल का?

हा झाला प्रश्न. आता त्याचं एक संभाव्य उत्तर ठाम वाक्यात मांडायचं: ‘उपाशी पोटी पायऱ्या चढणाऱ्यांना खाऊन चढणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा भोवळ येते.’ हीच परिकल्पना! काहीजण तिला गृहीतक म्हणतात. पण भूमितीतलं गृहीतक आपण न तपासता मान्य करतो आणि हे तर तपासण्यासाठीच मांडलेलं असतं. म्हणून मला आपला ‘परिकल्पना’ हाच शब्द बरा वाटतो.

या वाक्यात दोन बदलत्या गोष्टी आहेत, खाणं आणि भोवळ. ताईच्या पुस्तकात त्यांना ‘चल’ म्हटलं असेल. दोन्ही मोजता येतात, हे महत्त्वाचं. ‘उपास वाईट असतो’ असं सिस्टर म्हणाल्या असत्या, तर? वाईट म्हणजे किती आणि ते मोजायचं कशानं? असलं वाक्य भांडायला चांगलं, तपासायला नाही.

आता जरा थांबा, इथं एक खड्डा आहे. सिस्टरांनी मोजली ती फक्त तंबूत आलेली माणसं. पण नवरात्रात गड चढणाऱ्यांपैकी बहुतेकांनाच उपास असेल, तर तंबूतही उपासवालेच जास्त दिसणार की! म्हणजे जे ठणठणीत वर गेले, त्यांनाही विचारायला हवं, ‘काय खाल्लंत?’ शिवाय उपास करणाऱ्यांत म्हातारी माणसं जास्त असली, तर भोवळ उपासानं आली की वयानं? की दुपारच्या उन्हानं? म्हणून एकाच वयाच्या, एकाच वेळी चढणाऱ्या माणसांची तुलना करायला हवी.

आणि गंमत म्हणजे, संशोधक तपासायला घेतो ते उलटंच वाक्य: ‘उपासानं काहीच फरक पडत नाही.’ ही ‘शून्य परिकल्पना’. एखाद्यावर चोरीचा आळ आला, तर पुरावा मिळेपर्यंत तो निर्दोषच ना? तसंच. आकड्यांमधला फरक निव्वळ योगायोगानं पडण्याइतका किरकोळ नाही असं दिसलं, तरच शून्य परिकल्पना सोडायची. पुरावा कमी पडला, तर ‘फरक नाहीच’ असंही म्हणता येत नाही. ‘दिसला नाही’ एवढंच म्हणायचं.

तंबू आपला काल्पनिक होता. आता खरी गोष्ट. माहूरला वळसा घालून जाणाऱ्या पैनगंगेचं पाणी वर्धा नदीतून थेट गडचिरोली जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत जातं. त्या जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. १९९३ ते १९९५ या काळात त्यांनी खेड्यांतल्या बाळांच्या नोंदी ठेवल्या. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावत होती. आजारी नवजात बाळाला दवाखान्यातच न्यायला हवं, असं तेव्हा सगळे मानत. पण दवाखाना लांब, आणि बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही असा रिवाज!

बंग पती-पत्नींची परिकल्पना अशी होती: गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाईला नीट शिकवलं आणि तिनं घरी जाऊन बाळाची काळजी घेतली, तर हे मृत्यू कमी होतील. किती धाडसाचं वाक्य! खोटं ठरलं असतं, तर? पण तपासायचं ठरलं. ३९ गावांत अशा बायका तयार झाल्या. त्यांचं शिक्षण पाचवी ते दहावीच्या दरम्यान. बाळाचं वजन करणं, ताप बघणं, त्याला उबदार ठेवणं, आईला अंगावर पाजायला मदत करणं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर औषध आणि इंजेक्शनसुद्धा देणं! शेजारच्या ४७ गावांत नेहमीच्या आरोग्यसेवा चालू होत्या, ती तुलनेसाठी. तिथला आकडा सुरुवातीला ५८ होता.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, तुलनेच्या गावांतला आकडा ६० च्या आसपासच राहिला. आणि ३९ गावांतला? ६२ वरून साधारण २५ वर आला! तुलनेची गावं नसती, तर कुणीही म्हणालं असतं, ‘अहो, पाऊसपाणी चांगलं झालं असेल, म्हणून बाळं जगली.’ पाऊस तर दोन्हीकडं सारखाच पडला होता ना!

१९९९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढं २०११ पासून देशभरातल्या आशाताई अशाच घरभेटी देऊ लागल्या. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळ घरी जन्मलं, तर पहिल्या दिवशीही. तुमच्या घरी तान्हं बाळ असेल, तर आशाताई पिशवीतून वजनकाटा काढताना जरूर बघा.

आता तुमची पाळी. आजी म्हणते, ‘ओल्या केसांनी बाहेर गेलं, की सर्दी होते.’ याची तपासता येईल अशी परिकल्पना तयार करा. शून्य परिकल्पना कोणती, हेही लिहा. आणि कुणाकुणाची तुलना कराल? वर्गातल्या मुलामुलींची करणार असाल, तर ज्यांचे केस बारीक कापलेले आहेत त्यांचं काय करायचं? उत्तरं पाठवा, आणि ताईलाही एकदा विचारून बघा. या वेळी चिडणार नाही!