कसब होतंच, भाव नव्हता

आमच्या आईनं जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवल्या, कुरडया घातल्या, अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढलं. त्याला कुणी कधी कौशल्य म्हटलं नाही. आता अंबरनाथ पूर्वेला बायकांच्या 'कौशल्य विकासा'चे फलक लागतात, तेव्हा मला आई आठवते. बाईला काही येत नाही म्हणून ती गरीब आहे, असं या फलकांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

तीन महिने शिवण शिकवायचं, शेवटी पाहुणे बोलवायचे, प्रमाणपत्र देऊन फोटो काढायचा. पुढं काय? आमच्या चाळीतल्या एका बाईला विचारलं. म्हणाली, "भाऊ, ब्लाउज येतो शिवता, पण मशिन कुठंय? आन् गल्लीतल्या समद्याच शिकल्या, कुणी कुणाचं शिवायचं?" ती आता शेजारच्या उल्हासनगरातल्या जीन्सचे गठ्ठे घरी आणून धागे कापते. नगावर पैसे. भाव ठरवतो माल देणारा. धागे कापायला प्रमाणपत्र लागत नाही.

योजनांचा दुष्काळ कधीच नव्हता. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ सालचं, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ सालची. पण त्याही आधी, १९५९ साली, गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. पापड लाटायचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ते येतच होतं. त्यांनी माल एकत्र विकला आणि लाटणारणीच मालकीण राहिली. फरक पडला तो तिथं.

कुणी म्हणेल, मग शिकवूच नये का? शिकवा की! पण शिकवणीबरोबर मशिन द्या, पहिलं काम मिळवून द्या, लेकरू ठेवायला पाळणाघर द्या. कापड, दोरा, वीज आणि आपला वेळ धरून भाव कसा काढायचा, तेही शिकवा. गटानं मिळून थेट माल घेतला, तर मधला दलाल सुटेल. आणि हिशेब वाटलेल्या प्रमाणपत्रांचा देऊ नका. सहा महिन्यांनी किती जणींच्या स्वतःच्या खात्यात पैसे पडतात, ते मोजा. तो आकडा फलकावर लावायची हिंमत असेल, तरच पुढचा वर्ग उघडा.