पहिल्या पुस्तकाची घाई

आषाढ लागला की मराठी मासिकांच्या कचेऱ्यांत दिवाळीचे वेध लागतात. जाहिरातींसाठी फोन सुरू होतात, मुखपृष्ठाच्या चित्रकाराकडे तगादे जातात आणि टपालाने, ईमेलने, व्हॉट्सॲपवर साहित्याचा ओघ लागतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे नव्या लेखकाला आपले नाव छापलेले पाहण्याची सर्वांत मोठी संधी याच हंगामाने दिली आहे. या हंगामाच्या तोंडावर नव्याने लिहिणाऱ्यांशी आम्हाला थोडे सविस्तर बोलायचे आहे. दरवर्षी आमच्याकडे येणाऱ्या साहित्यात गुणी लेखन पुष्कळ असते. त्यातले बरेचसे निव्वळ घाईपायी वाया जाते आणि त्याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

कथा रात्री लिहून होते आणि सकाळी आमच्याकडे पोहोचते. कित्येकदा ती एकाच वेळी पाच-सहा अंकांना गेलेली असते. दोन ठिकाणी छापून आली की दोन्ही संपादक दुखावतात आणि त्या लेखकाची पुढची कथा हातात घेताना मन आधीच साशंक होते. हे टाळणे अगदीच सोपे आहे. एका ठिकाणी पाठवावी, उत्तराची वाट पाहावी, मुदत उलटून गेली तर तसे कळवून दुसरीकडे द्यावी. पण मुळात वाट पाहायचीच तयारी नसते.

असे काही बोलले की ‘कोसला’चे उदाहरण हमखास पुढे येते. भालचंद्र नेमाडे यांनी ती थोड्या दिवसांत एकटाकी लिहिली, १९६३ साली ती प्रसिद्ध झाली आणि मराठी कादंबरीची वाट बदलली. हे खरेच आहे. मात्र त्या थोड्या दिवसांच्या मागे किती वाचन, किती वाद, रूढ साहित्यिक भाषेवर किती चिडून केलेला विचार होता, हे सांगणारा सहसा सांगत नाही. त्याच पिढीतले अरुण कोलटकर १९५०च्या दशकापासून कविता लिहीत होते, लघुअनियतकालिकांत त्या छापून येत होत्या. त्यांचा पहिला मराठी संग्रह अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढला तो १९७७ साली, कवी पंचेचाळिशीला टेकला तेव्हा. त्यानंतरच्या मराठी संग्रहासाठी वाचकांना सुमारे पाव शतक थांबावे लागले. नव्या कवीने इतके थांबावे असे कोणी म्हणणार नाही. पण पंधरा कविता जमल्या की संग्रहाची संख्या भरण्यासाठी आणखी पस्तीस लिहून काढायच्या, ही जी रीत पडली आहे, तिच्यात त्या पहिल्या पंधराही बुडतात.

घाईचा दुसरा परिणाम लेखनाच्या आत दिसतो. कांद्याच्या पट्ट्यातल्या, निफाड-येवल्याकडच्या एका तरुणाची कथा आमच्याकडे आली होती. कथा घडत होती पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये. खिडकीबाहेर पाऊस, हातात कॉफीचा मग, दुरावलेली प्रेयसी आणि नायकाच्या डोळ्यांत दाटून आलेला अश्रूंचा महापूर. भाषा सफाईदार होती आणि एकही वाक्य त्याचे स्वतःचे नव्हते. सोबतच्या पत्रात मात्र आपल्याविषयी लिहिताना त्याने सहज काही ओळी लिहिल्या होत्या. वडिलांबरोबर ट्रॉली घेऊन तो बाजार समितीत गेला होता. लिलाव झाला, माप झाले, पट्टी हातात आली. वडिलांनी ती न वाचताच घडी करून टोपीत ठेवली. परतताना पंपावर डिझेल भरायला थांबले तेव्हा ती काढली आणि हमाली, तोलाई, वाराई, एकेका कपातीवर बोट ठेवत दोनदा वाचली. मग जेवढे भरायचे ठरले होते त्याच्या निम्मेच डिझेल भरायला सांगितले. पत्रातल्या त्या सात-आठ ओळींत एकही विशेषण नव्हते. त्या बापाला किती वाईट वाटले हे सांगायची गरजही त्याला पडली नव्हती. पाठवायची कथा हीच होती, आणि ती आपल्याजवळ आहे याचा त्या मुलाला पत्ता नव्हता.

आम्हाला सर्वांत जास्त आढळणारी चूक ही आहे. लिहायला बसले की माणूस आपले घर, आपला बाजार, आपली कचेरी बाजूला सारतो आणि पूर्वी वाचलेल्या कथेतल्या घरात राहायला जातो. उलट टोकही तितकेच घातक. हल्ली ग्रामीण लेखनाला मान आहे म्हणून शहरात वाढलेला लेखक प्रत्येक पात्राच्या तोंडी ओढूनताणून बोली घालतो. सासू, सरपंच आणि शाळामास्तर एकाच सुरात बोलू लागतात. बोली कानातून यावी लागते. ती शब्दकोशातून आणली की चार ओळींत उघडी पडते.

हे कोणी सांगायचे? पूर्वी संपादक सांगत असत. ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत. शेवट कुठे सैल पडला, कोणते पात्र उपरे वाटते, हे सांगून कथा परत धाडत आणि सुधारून आली की पुन्हा वाचत. त्यांच्या अभिरुचीशी अनेकांचे भांडण होते. लघुअनियतकालिकांच्या मंडळींनी तर ‘सत्यकथे’ची होळी केली आणि त्या भांडणातूनही मराठी साहित्याचे भलेच झाले. पण लेखन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लिहायचे असते हा धडा त्या पत्रांनी दोन पिढ्यांना दिला. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद झाले. तशी पत्रे लिहिण्याची सवड आज फार थोड्या संपादकांना आहे. त्यामुळे नव्या लेखकाला पहिला परखड वाचक आपला आपण शोधावा लागतो. समाजमाध्यमावर ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’ असे लिहिणारे मित्र त्या कामाचे नाहीत. ‘तिसऱ्या पानावर मी कंटाळलो’ असे तोंडावर सांगणारा एक जण मिळाला तरी पुरे. तोही न मिळाला तर कथा महिनाभर बाजूला ठेवून मोठ्याने वाचावी. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलेले असते, हे बहुतेक वेळा खरे ठरते.

आता पैशांचे. पदरचे पैसे घालून पुस्तक छापण्यात कमीपणा नाही. मराठीत अनेक चांगली पुस्तके तशीच आली आहेत. पण आज नव्या लेखकाची घाई हाच काहींचा धंदा झाला आहे. अमुक रकमेत छपाई, मुखपृष्ठ, आयएसबीएन, प्रकाशन समारंभ आणि एखादा पुरस्कारसुद्धा, असे ‘पॅकेज’ सांगितले जाते. त्यात संपादन नसते, मुद्रितशोधन नावापुरते असते आणि वितरणाचा तर विषयच निघत नाही. समारंभाला शाल-श्रीफळ होते, फोटो निघतात आणि प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली जातात. आयएसबीएन हा तेरा आकडी क्रमांक म्हणजे गुणवत्तेचा शिक्का, असा समजही पसरला आहे. तो पुस्तक ओळखण्यापुरता क्रमांक आहे आणि आपल्या देशात केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय संस्था तो विनाशुल्क देते. त्यासाठी लेखकाकडून कोणी वेगळे पैसे मागत असेल तर तिथेच सावध व्हावे. दुसरीकडे, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिथे हस्तलिखित वाचले जाते, निवडले जाते, म्हणून वेळ लागतो. तो वेळ नको म्हणून कर्ज काढून पुस्तक छापू नये.

आणि करार वाचल्याशिवाय सही करू नये. भारतात लेखनाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे आज घाईने केलेल्या सहीचे परिणाम नातवंडांपर्यंत पोहोचू शकतात. १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि स्वाक्षरीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरते मानले जातात. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर ते संपुष्टात येतात. पण करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे लिहिले असेल आणि त्याखाली आपली सही असेल, तर या तरतुदींचा आधार फारसा उरत नाही. छापील आवृत्ती, ई-बुक, ऑडिओबुक, अनुवाद, चित्रपट आणि मालिका हे हक्क वेगवेगळे देता येतात. एकाने मागितले म्हणून सगळे एकत्र देण्याचे कारण नाही. मानधन किती टक्के, ते छापील किमतीवर की विक्रीवर, हिशेब वर्षातून कधी मिळणार, हे विचारताना संकोच करू नये. रीतसर व्यवहार करणाऱ्या प्रकाशकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

इतके सांगितल्यावर आमच्या बाजूचेही बोलले पाहिजे. नवा लेखक एकच कथा सहा ठिकाणी पाठवतो, कारण सहापैकी पाच ठिकाणांहून त्याला होकार-नकार काहीच कळत नाही. सहा-सहा महिने मौन बाळगायचे आणि लेखकाने मात्र धीर धरावा असे म्हणायचे, हे न्यायाचे नाही. म्हणून यंदा आमच्या दिवाळी अंकासाठी आलेल्या प्रत्येक नव्या लेखकाच्या साहित्याला श्रावण संपायच्या आत उत्तर जाईल. नकार असेल तर तो कारणासह असेल, भले ते कारण दोनच ओळींचे असो. जी कथा पुन्हा लिहिण्याजोगी वाटेल, तिच्या लेखकाशी आमचा संपादक स्वतः बोलेल आणि ती यंदाच्या अंकात बसली नाही तर वर्षभरातल्या अंकांत तिच्यासाठी जागा ठेवली जाईल. इतर दिवाळी अंकांनीही आपल्या आवाहनात साहित्य पाठवण्याच्या मुदतीबरोबर उत्तर देण्याची मुदत छापावी, अशी आमची त्यांना विनंती आहे.