सकाळचे हात, दुपारची मोजपट्टी

बँकेत मी चौतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातला बराच काळ लोकांच्या सह्या पडताळण्यात गेला. समोर पैसे काढण्याची स्लिप, बाजूला नमुना सहीचे कार्ड. जुळली तर पैसे, नाही तर 'सही जुळत नाही' हा शेरा. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या शाखेत असताना एक निवृत्त शिक्षक पेन्शन काढायला येत. त्यांचा हात कापायचा. मी त्यांची स्लिप तीनदा परत केली. तिसऱ्या वेळी ते शांतपणे म्हणाले, "साहेब, माणूस तोच आहे, हात बदललाय." मी दोन साक्षीदारांसमोर त्यांचा अंगठा घेतला. जन्मभर मुलांना अक्षर गिरवायला लावणाऱ्या त्या माणसाने शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, नोटा मोजल्या आणि ते निघून गेले. काम नियमात बसले याचे मला त्या दिवशी समाधान वाटले होते.

चार वर्षांपूर्वी माझाच चेक परत आला. शेरा तोच.

निवृत्तीनंतर मी पणदऱ्याला, आमच्या गावी येऊन राहिलो आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा हा मुलूख. चहूकडे ऊस आणि गळिताच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ. लिहायला निवांतपणा मिळावा म्हणून आलो आणि तो मिळालाही. पण माझी कादंबरी टाइप करणारा मुलगा एके दिवशी म्हणाला, "काका, पहिल्या पानावर तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे, शेवटच्या पानावर नुसत्या मुंग्या." पुण्यातल्या डॉक्टरांनी ती पाने पाहिली, मला चालायला लावले, मनगट हलवून पाहिले आणि निदान केले: पार्किन्सन. आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात तो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली या आजाराचे वर्णन केले. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, हे पुष्कळ पुढे कळले. लेव्होडोपाची गोळी ती उणीव काही तास भरून काढते. गोळीचा अंमल असतो तेव्हा मी कालव्यापर्यंत चालत जातो. अंमल उतरला की उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटतात. एकाच दिवसात मी तीन-चारदा बरा होतो आणि तितक्याच वेळा आजारी पडतो.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यात आमच्या आजाराचे नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले आणि पार्किन्सनला नावानिशी जागा मिळाली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. 'अपंग' हा शब्द गेला, 'दिव्यांग' आला. बहुतेक सवलतींचा उंबरठा मात्र पूर्वीचाच राहिला: चाळीस टक्के.

प्रमाणपत्र काढा, असे आमच्या घरातून दोन वर्षे सांगणे चालू होते. मी टाळत होतो. ज्या गावात माझ्या वडिलांनी कधी कोणापुढे हात पसरला नाही, तिथे मी सवलतीचे कार्ड खिशात घेऊन हिंडायचे? एके दिवशी ही म्हणाली, "तुम्ही पेन्शन घेता, ती भीक आहे का? मग ही कशी?" यावर मला उत्तर सुचले नाही. ऑनलाइन अर्ज भरला आणि तपासणीची तारीख मिळाली.

आदल्या रात्री मात्र एक प्रश्न पडला, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो. सकाळची गोळी घ्यायची की नाही? घेतली तर डॉक्टरांना चांगला चालणारा माणूस दिसणार. न घेतली तर माझा आजार दिसणार, पण मग ते सोंग ठरेल का? २०२४ साली पुण्यात नेमणूक झालेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला होता. तेव्हापासून तर कार्ड दाखवणाऱ्याकडे लोक आधी संशयाने पाहतात. लबाडीने लाभ घेणाऱ्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत आणि ते योग्यच आहे. मी गोळी घेतली. खरा दिवस जसा असतो तसाच दाखवायचा, असे ठरवले.

आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या वहिनी त्याच दिवशी तपासणीला निघाल्या होत्या. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेली बाई. सात-आठ वर्षांपासून आमवात. या आजाराची खूण अशी, की सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडलेले असतात आणि दिवस वर आला की हळूहळू मोकळे होतात. पहाटे त्यांना चुलीत काडी सारता येत नाही. वेणी सून घालून देते. आम्ही एकाच गाडीने गेलो आणि जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात एकाच रांगेत बसलो.

रांग लांब होती. दोष कोणाला द्यावा असे नाही. समोरचा डॉक्टर तरुण होता आणि त्याने सकाळपासून पाणीही प्यायलेले दिसत नव्हते. दुपारी दोनच्या सुमारास आमची नावे पुकारली. तोवर वहिनींची बोटे बऱ्यापैकी मोकळी झाली होती. त्यांना मूठ मिटायला सांगितले, त्यांनी मिटली. पेला उचलायला सांगितले, उचलला. आणि माझी सकाळची गोळी तोवर पूर्ण उतरली होती. पुढची घ्यायची तर रांग सोडून पाणी आणायला जायला हवे होते. दारातच माझे पाय थिजले आणि दोघांनी धरून मला खुर्चीवर बसवले.

मला चाळीसच्या वर टक्के मिळाले. वहिनींना बत्तीस.

आता यातला हिशोब बँकेच्या माणसाला टाळता येत नाही. मला निवृत्तिवेतन आहे. या कार्डाने मला एसटीच्या तिकिटात सवलत मिळेल. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याला प्राप्तिकरात ७५ हजार रुपयांची वजावट असते, तीही मिळेल. वहिनींना कशाचीच पेन्शन नाही. त्यांच्यासाठी दार एकच, १९८० पासून चालू असलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा दीड हजार झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. या योजनेत दुर्धर आजारांनाही स्थान आहे. क्षय, कर्करोग, पक्षाघात, कुष्ठरोग, एड्स अशी नावे आहेत, आमवाताचे नाही. बाईंना कुठल्या चौकटीत बसवायचे, हे टेबलामागच्या कारकुनालाही सांगता येईना. ज्याची गरज कमी त्याला घड्याळाने हात दिला, जिची गरज जास्त तिचा हात घड्याळानेच झाकला.

परतताना वहिनी गाडीत एवढेच म्हणाल्या, "अण्णा, त्यास्नी म्हणावं, येकदा सकाळचं या माझ्या घरी."

वाचकहो, मला वाटते सगळे म्हणणे या एका वाक्यात आले. तुटलेला पाय कोणत्याही वेळी मोजा, तो तेवढाच असतो. जुनाट आजार तसा नसतो. तो दिवसात हलतो, ऋतूत हलतो. त्याला तासाभराची मोजपट्टी लावली तर ती कधी जास्त दाखवील, कधी कमी, खरे मात्र क्वचितच. बँकेत कर्ज देताना आम्ही कोणाची त्या दिवसाची शिल्लक बघून निर्णय देत नसू. वर्षभराचा खातेउतारा मागवायचो. मग शरीराच्या बाबतीत एका दिवसाच्या शिलकेवर निकाल का द्यावा? उपचार करणाऱ्या डॉक्टरची वर्षभराची कागदपत्रे, घरच्यांनी ठेवलेली रोजची नोंद, गोळ्यांच्या वेळा, हाच आजाऱ्याचा खातेउतारा. तपासणीत त्याला वजन हवे. आणि आमवाताच्या माणसाला सकाळी पहिल्यांदा आत घ्यायला तर एक पैसाही लागत नाही.

हे अशक्य आहे असेही नाही. आपल्या एसटीनेच डायलिसिसच्या, हिमोफिलियाच्या, सिकलसेलच्या रुग्णांना मोफत प्रवास दिला आहे. आजार चालू आहे एवढे तिला पुरते. राज्यात २०२२ पासून दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही आहे. त्याने मनावर घेतले तर वाट निघेल.

तोवर आपल्या हाती काय? कायद्याच्या ५९ व्या कलमानुसार प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील करता येते. हे पुष्कळांना ठाऊक नसते, मलाही नव्हते. वहिनींची सून आता दुरेघी वहीत रोज पहाटे लिहून ठेवते: आज बटण लागले नाही, आज भाकरी थापता आली नाही, आज तांब्या सुटला. तीन महिन्यांची वही झाली. तिच्या आधाराने अपिलाचा अर्ज मी लिहिला. पहिल्या ओळी ठळक आल्या, शेवटच्या मुंग्यांसारख्या. नातवाने तो टाइप करून दिला.

सहीच्या जागी वहिनी अंगठा लावायला निघाल्या. मी त्यांना थांबवले आणि विचारले, "सही येते का?" म्हणाल्या, "येती की, पर दुपारच्याला." आम्ही दुपारपर्यंत थांबलो. त्यांनी वाकडी का होईना, पूर्ण सही केली. अर्ज गेला आहे. निकाल अजून यायचा आहे.